राधानगरी, भुदरगड, सामानगड: कोल्हापूरच्या दक्षिणेला फिरायचं तर असं फिरा

पाहुणे आले की आपलं ठरलेलं असतं, अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि वेळ उरलाच तर खिद्रापूर. सगळं बघण्यासारखंच आहे, पण राधानगरी, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड ही जी आपली दक्षिण बाजू आहे ती बघायला मुद्दाम कोण जात नाही, गेलं तर गोव्याला जाताना गाडीच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढंच. मी गेली बरीच वर्षं सुट्टी मिळेल तशी तिकडं फिरतोय आणि बरेच जण विचारतात की कसं जायचं काय बघायचं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, एका दिवसाला एकच रस्ता धरा. नकाशावर सगळं जवळ जवळ दिसतं पण रस्ते वळणाचे आहेत, मधे गावं आहेत, बाजार आहेत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भुदरगड, सामानगड आणि पारगड एकाच दिवसात करायला निघालो होतो, पारगडावर पोचेपर्यंत अंधार पडायला आला. तिथले एक आजोबा म्हणाले, आज रहावा, सकाळी सगळा गड फिरवून दाखवतो, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं म्हणून तसंच माघारी फिरलो. ती सकाळ हुकली याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दिवसाला दोन, फार तर तीन ठिकाणं, त्याच्यावर नाही.

राधानगरीचा रस्ता सगळ्यात सोपा. हळदी, परिते, भोगावती करत साधारण ५० किलोमीटर, एसटी भरपूर आहेत आणि वडाप, म्हणजे शेअर जीपही मिळतंय. धरण बघताना एवढं लक्षात ठेवा की हे काम शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला हातात घेतलं, १९२२ ला महाराज गेले आणि धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. ज्याचं पाणी आज आपल्या ऊसाला मिळतंय ते काम सुरू करणाऱ्याला पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. पावसाळ्यात पेपरात येतं ना, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, ते सात दरवाजे हेच. धरण भरून पाण्याची पातळी ठराविक उंचीला गेली की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की बंद होतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ते बघायला जुलै-ऑगस्टमधे जावा, पण निघायच्या आधी रस्त्याला कुठं पाणी आलंय का ते कुणालातरी फोन करून विचारा. उन्हाळ्यात गेलात तर वेगळंच दिसतं, पाणी खाली जातं आणि जलाशयातली महाराजांची बेनझीर व्हिला नीट दिसायला लागते. धरणाच्या भिंतीवर दरवेळी सोडतीलच असं नाही, तिथल्या लोकांना विचारूनच पुढं जावा.

तिथून पुढं दाजीपूर. पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा थंडीत किंवा मार्चपर्यंत. गेटवर वनविभागाची परवानगी घ्यायची, स्थानिक जीप आणि गाईड घ्यायचा, आपली लहान गाडी त्या रस्त्यावर घालू नका. गवा बघायचा असेल तर पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि दिसला म्हणून उतरून फोटो काढायला जाऊ नका, तो शांत उभा असला तरी अंगावर यायला वेळ लागत नाही.

दुसरा रस्ता गारगोटीचा, आणि मला विचाराल तर सुरवात इथूनच करा. कळंबा, इस्पुर्ली करत मुधाळतिट्ट्यापर्यंत यायचं. तिट्ट्याजवळच आदमापूर, संत बाळूमामांचं देवस्थान. दर्शन घ्यायचं असेल तर अमावस्या सोडून जावा, अमावस्येला भंडारा उधळणाऱ्या गर्दीत रस्ता लांबपर्यंत तुंबतो आणि तुमचा निम्मा दिवस तिथंच जातो. अर्थात मामांसाठीच जाणार असाल तर अमावस्येलाच जावा, त्या गर्दीची गोष्टच निराळी.

गारगोटीत चहा घ्या, तिथल्या कचेरीवर १९४२ च्या डिसेंबरमधे क्रांतिकारकांनी हल्ला केला होता आणि त्यात तरणी पोरं शहीद झाली, तेवढं मनात ठेवून पुढं निघा. भुदरगडावर थेट गाडी जाते त्यामुळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नेता येतं. वर गेल्यावर पहिल्यांदा भैरवनाथाच्या देवळात जावा, चप्पल बाहेर काढून थोडा वेळ बसा. मग तलावाच्या कडेनं तटाकडं चालत जावा. सपाट माळ आहे, सावली कमी, म्हणून टोपी आणि पाणी पाहिजेच. गड शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. तट ठिकठिकाणी ढासळलेला बघून लोक म्हणतात की काळानं पडला, पण नुसतं तसं नाही. १८४४ ला इथल्या आणि सामानगडच्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. गडकऱ्यांकडं पिढ्यान् पिढ्या गड राखायच्या बदल्यात जमिनी होत्या, इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्यानं त्या जमिनींचा कारभार मामलेदाराच्या हाताखाली आणला, म्हणजे त्यांचा हक्कच गेला, म्हणून ती माणसं दारं लावून आत बसली. इंग्रजांनी तोफा लावून गड घेतले आणि पुन्हा कुणी आत बसून लढू नये म्हणून तटबंद्या पाडल्या. हे माहीत असलं की तो पडका दगड वेगळा दिसतो. १८५७ च्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे आणि आपल्याच जिल्ह्यात किती जणांना माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

वेळ असला तर तसंच पुढं पाटगावला जावा, मौनी महाराजांचा मठ आहे, शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीआधी इथं आशीर्वादाला आले होते असं सांगतात. हे मधाचं गाव आहे, मध तिथूनच विकत घ्या.

तिसरा रस्ता गडहिंग्लजचा, कागल, निपाणी, संकेश्वर करत. गडहिंग्लजपासून सामानगड जवळ आहे, वरपर्यंत रस्ता आहे. इथली विहीर चुकवू नका, खडक फोडून केलेली, एकामागोमाग कमानींच्या खालून पायऱ्या उतरत जातात, मे महिन्याच्या उन्हात पण आत गेलं की गार वाटतं. पायऱ्यांना शेवाळ असतंय, पोरांचा हात धरा.

मग नेसरी. शिवाजी महाराजांचे सरसेनापती प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, सहा साथीदार घेऊन विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले ती ही खिंड. आधी प्रतापरावांनी खानाला शरण आला म्हणून सोडला, तो पुन्हा उलटला, महाराजांचा बोल लागला, आणि सरसेनापती सैन्याची वाट न बघता निघाला. पुढं साडेतीन महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याला हा माणूस नव्हता. स्मारकापाशी गेल्यावर मोबाईलवर गाणी लावू नका, गाडीतली पण बंद करा, पाच मिनिटं नुसतं खिंडीकडं बघत उभं रहा. शाळकरी पोरं बरोबर असतील तर गोष्ट तिथंच उभं राहून सांगा.

पारगडाला मात्र मुक्कामानंच जावा, चंदगडच्या पार टोकाला आहे. तानाजी मालुसऱ्यांचे वंशज तिथं आजही राहतात, त्यामुळं ते नुसतं बघायचं ठिकाण नाही, लोकांची घरं आहेत, विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. माणसं मोकळी आहेत, राम राम घातला, कुठलं गाव वगैरे बोलणं झालं की स्वतःहून सांगायला लागतात, कुठल्याही बोर्डापेक्षा जास्त. जाता येता आजऱ्याला रामतीर्थ बघा आणि घनसाळ तांदूळ घ्या, ओळखीच्या दुकानातनं किंवा थेट शेतकऱ्याकडनं, वासावरनं कळतो. आजरा-चंदगड भागात हत्ती पण फिरतात, त्यामुळं अंधार पडल्यावर कुठला रस्ता नको ते गावात विचारून घ्या.

काही बारीक गोष्टी. सुट्टे पैसे ठेवा, गडावर रेंज जाते तिथं ऑनलाईन चालत नाही. पेट्रोल गारगोटी किंवा गडहिंग्लजलाच भरून घ्या. जेवण गडावर मिळेल असं धरू नका, भाकरी, चटणी, खर्डा बांधून न्या आणि कागद परत आणा. गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दिवस मावळायच्या आत मेन रोडला लागा, ऊसाच्या डबल ट्रॉलीला मागं लाईट नसते आणि वळणावर ती एकदम समोर येते. त्याच दिवसांत वाटेत धूर दिसला तर थांबा, गुऱ्हाळ असणार, गरम गूळ आणि काकवी मागा, बाटली घरून न्यायची. एसटीनं जाणार असाल तर उतरल्या उतरल्या पहिलं काम, परतीची शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवर विचारून घ्यायचं, मग गडाकडं निघायचं.