गाय घेताना रिकामी कास बघा

इंदूरच्या आसपास गाय बघायला गेलं की भरलेली कास पाहून मन भुलतं. पण आदल्या वेळेचं दूध न काढता कास तुंबवलेली असू शकते.

१. संध्याकाळी समोर पूर्ण पिळून घ्या. ते दूध मोजू नका.
२. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही वेळच्या धारा स्वतः उभं राहून मोजा. खरा आकडा तोच.
३. पिळल्यावर कास चाचपा. चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते; टणक, फुगीरच राहिली तर ते मांस, दूध नव्हे. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर.

वयासाठी खालचे दात बघा: २ मोठे (दुधाचे पडून आलेले कायमचे) दात म्हणजे साधारण अडीच वर्षं.

सावधान: चारही सडांची पहिली धार काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या दिसल्या तर गाय कितीही देखणी असो, सौदा थांबवा.