जुन्या वाड्यात वाढीव बांधकाम: प्रस्ताव कसा तपासावा

मागच्या अंगाला संडास-न्हाणी, ओसरीवर स्लॅब, नाहीतर धाकट्याच्या हिश्श्यात वरचा मजला. विदर्भातल्या खेड्यांत जुन्या वाड्यांसाठी येणारे प्रस्ताव बहुतेक याच जातीचे असतात. नकाशा एका पानाचा आणि त्यावर फक्त नवं काम असेल तर तो परत करा. आधी जुनं कागदावर यायला हवं: भिंतींची जाडी, खांबांच्या जागा, तुळया कोणत्या दिशेने टाकल्या आहेत, कवेलूचं पाखं (छपराचा उतार) कुठे उतरतं, पन्हाळ कुठे पडते. आणि अंगणात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आहे का.

पेव हमखास विसरलं जातं. तोंड अरुंद, पोट रुंद, वर माती ओढून सारवलेलं. त्यावरच कॉलमचा किंवा सेप्टिक टँकचा खड्डा आखला, तर एखाद्या पावसाळ्यात भराव बसतो आणि काम कलतं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, शिवाय आखणीच्या जागी हात-हात अंतरावर पहार ठोकून पाहा. मध्येच पहार सरकन आत गेली की जागा बदला.

आता भार. काही वाड्यांत छप्पर सागवानी खांबांवर उभं असतं आणि मातीची भिंत नुसता आडोसा असते. काहींत भिंतच भार घेते. खांब भिंतीत लपलेला असू शकतो, म्हणून तुळईच्या टोकाखाली वीतभर गिलावा खरवडून बघा. ‘वाड्यानं इतकी वर्षं मातीचं सपाट धाबं पेललं, मग स्लॅब का नाही?’ हा प्रश्न येणारच. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. फूटभर मातीचं धाबं त्याहून जडच भरतं. पण धाब्याचा भार तुळईतून खांबावर जातो. स्लॅब टाकताना जागा मोकळी हवी म्हणून तेच खांब काढतात आणि सगळं ओझं मातीच्या भिंतीच्या माथ्यावर येतं. त्यात मे महिन्यात ४५ अंशांत स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आखडतो, आणि स्लॅबच्या लगेच खाली भिंतीला आडवी भेग पडते. स्लॅब हवाच असेल तर तो स्वतःच्या कॉलमवर उभा राहू द्या, जुन्या भिंतीपासून निदान २५ मिलिमीटर फट ठेवून. नव्या विटा जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवायच्या नाहीत. जुनं बांधकाम कधीच बसून गेलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. गुंतवलं की एक दुसऱ्याला ओढतं. पाण्याच्या टाकीलाही वेगळा स्टँड हवा, कारण हजार लिटर म्हणजे एक टन.

पाया खोदताना जुन्या पायाच्या तळाखाली जितकं खोल जाणार, निदान तितकं त्यापासून लांब राहा. जवळ खोदल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर सलग चर नको. मीटरभराचे तुकडे एकाआड एक खोदून भरत जा. वाडा पांढरीवर (गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर) आणि परसू काळीवर (काळ्या मातीवर) असेल तर जास्त सावध, कारण काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते. म्हणून भेगा मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. या दोन मोजण्यांच्या मध्ये काच तडकली तर वरच्या मजल्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

मातीची भिंत खरी जाते ती पाण्याने, आणि न्हाणीला फारसं कुणी घाबरत नाही. न्हाणीची भिंत स्वतंत्र हवी. जुन्या भिंतीला फरशा लावून भागवलेलं चालणार नाही. शोषखड्डा घरापासून ६ मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब, असं आयएस २४७० हे मानक सांगतं. काळ्या मातीत पाणी जिरतच नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा खड्डा कुठे यापेक्षा पाणी शेवटी कुठे जाणार हे विचारा. नवं छप्पर जुन्या पाख्याच्या खालीच संपावं आणि जुन्या पन्हाळीचं पाणी नव्या भिंतीवर आपटू नये.

‘जुनी भिंत सिमेंट प्लास्टर करून पक्की करू’ अशी ओळ प्रस्तावात असेल तर खोडा. ओल आतच कोंडते, वरून भिंत छान दिसते आणि बुडाशी माती कुजते. बोटांनी वाजवली की पोकळ आवाज येतो. चुन्याचा किंवा भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा लिहून घ्या.

दर्शनी बाजूबद्दल एवढंच, की नवं काम रस्त्यावरून दिसताना आढ्याच्या वर जाऊ नये. सिमेंटच्या खोट्या महिरपी लावून जुन्याची नक्कल करण्यापेक्षा साधी, मागे सरकवलेली खोली बरी.

कागदांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा, सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खालची परवानगी पाहा. लोणार किंवा मार्कंड्यासारख्या ठिकाणी केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्व कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. खोदताना जुनी नाणी, दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मजुरांनाही हे आधीच सांगा.

मंजुरीपत्रात दोन अटी जरूर टाका. पहिली: पाया बुजवण्याआधी आणि स्लॅब ओतण्याआधी काम दाखवायचं, त्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरी: निघणारे खांब, चौकटी, तुळया यांची मोजून यादी करायची आणि लाकूड वाड्यातच वापरायचं. जुन्या सागाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, आणि ‘वाळवी लागली होती’ हे कारण तयारच असतं. वाळवी खरंच आहे का, ते खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. बोटभर आत गेला तर तेवढं बूड कापून नवा सागवानी तुकडा सांधता येतो. अख्खा खांब काढायची गरज नसते.