वॉर्डात एचआयव्हीबद्दलचा भेदभाव मोजायचा कसा, कमी करायचा कसा

एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी हा विषय कोणी ना कोणी घेतंच, आणि बरेचदा होतं ते एवढंच: पूर्वचाचणी, तासाभराचं लेक्चर, लगेच उत्तरचाचणी. गुण वाढतात, वॉर्ड आहे तसाच राहतो. म्हणून मतं कमी विचारा, वागणं जास्त मोजा.

एथिक्स कमिटीची परवानगी हातात आली की मेडिसिन वॉर्डात तीन आठवडे नुसतं बघा. एकपानी तक्ता पुरतो. बीपी घेताना हातमोजे घातले का, किती जोड? ड्रेसिंग सगळ्यांत शेवटी ठेवलं का? कॉट संडासाच्या दाराशी दिली का? केस पेपरवर लाल शाईची खूण आहे का? ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला) देताना ‘सात नंबर रेट्रो (म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्ह) आहे’ हे नातेवाइकांना ऐकू जाईल असं म्हटलं का? निरीक्षकाला कोण पॉझिटिव्ह आहे हे सांगू नका. नोंदी सगळ्याच कॉटच्या घ्या. नंतर उपचार करणाऱ्या टीममधल्या एकाच व्यक्तीनं, कोणत्या कॉटवरचा रुग्ण पॉझिटिव्ह होता, याच्याशी त्या जुळवाव्यात. एका कॉटला दोन जोड हातमोजे आणि शेजारच्याला एकही नाही, हा फरकच तुमचा डेटा. न सांगताही निरीक्षकाला पहिल्याच दिवशी अंदाज आला, तर तोही निष्कर्ष म्हणून लिहा. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी मात्र टाकून द्या. कोणी बघतंय म्हटलं की सगळेच नीट वागतात.

प्रश्नावलीसाठी एचएएसआय-एन (एचआयव्ही/एड्स स्टिग्मा इन्स्ट्रुमेंट–नर्स) ही १९ प्रश्नांची मोजपट्टी आहे. तिचे दोन भाग: परिचारिकांकडून रुग्णांना मिळणारी वागणूक, आणि अशा रुग्णांची सेवा केल्यामुळे परिचारिकांनाच सोसावी लागणारी हेटाळणी. हा दुसरा भाग बरेच जण गाळतात, गाळू नका. वापरण्याआधी परवानगी घ्या, मराठी करा, आणि मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचं परत इंग्रजीत उलट भाषांतर करून घ्या. ‘कलंक’ हा शब्द टाळा. तो वाचला की माणूस सावध होतो. नावाऐवजी कोड ठेवा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस. कोडच नसेल तर आधीचा आणि नंतरचा कागद जुळत नाही, मग त्याच माणसाच्या आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना करणारी विल्कॉक्सन ही संख्याशास्त्रीय चाचणी कशावर लावणार?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मुलाखती एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीवरची औषधं जिथे मिळतात त्या केंद्राच्या) समुपदेशकामार्फतच ठरवा. घरी फोन नको. ठाण्यात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून लांबच्या केंद्रात जाणारेही असतात. संमतीपत्राच्या मथळ्यात ‘एचआयव्ही’ छापून तो कागद घरी दिलात, तर घरच्यांना कळायला तेवढा एक कागद पुरे. मथळा ‘रुग्णसेवेचा अनुभव’ असा ठेवा, बाकीचं समोर बसून पूर्ण समजावून सांगा, आणि त्यांची हरकत नसेल तर प्रत केंद्रातच राहू द्या.

प्रशिक्षण एक तासाचं, दोनदा. डॉक्टर, सिस्टर, मावशी, मामा सगळे एकत्र. दुपारी दोनच्या ओव्हरनंतर ठेवलंत तर बदलापूर-टिटवाळ्याची मंडळी लोकलच्या वेळेकडेच बघत बसतात. बारा वाजता घ्या. भेदभावाचं मूळ बहुतेक वेळा भीतीत असतं, म्हणून सुरुवात सुईपासून करा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका त्याच्या कितीतरी पट, तरी त्या रुग्णाच्या केस पेपरवर कोणी खूण करत नाही. टोचलं तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, पीईपीचा (संसर्ग टाळण्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर नाही, आणि गोळ्या २८ दिवस. रात्री दोन वाजता त्या गोळ्या कुठल्या कपाटात असतात, किल्ली कोणाकडे, हे तिथेच उभं राहून दाखवा.

दुसऱ्या सत्रात एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती बोलेल. तिला ‘कसा झाला?’ विचारू नये, हे आधीच सांगून ठेवा. कायद्याला दहा मिनिटं पुरे: २०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे आणि संमतीशिवाय रुग्णाची स्थिती उघड करता येत नाही.

हातमोज्यांचा साठा मात्र प्रशिक्षणाच्या आधी तपासा. खोका संपत आला की उरलेले हातमोजे ‘त्या’ कॉटसाठी राखून ठेवले जातात, आणि तक्त्यात जो भेदभाव दिसतो त्याचं अर्धं कारण स्टोअरमध्ये असतं. दुसरी मोजणी लगेच नको. तीन महिन्यांनी, तोच तक्ता, तेच वार, तीच पाळी. रात्रपाळी वगळू नका.