वाड्यात ऑफिस थाटायचं असेल तर

मी आर्किटेक्ट नाही, सी.ए. आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात 6 वर्षांपूर्वी ऑफिस आणलं, तेव्हा जे अंगावर आलं ते सांगते.

आधी टेप घेऊन खण मोजा. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आमचा साडेपाच फुटी. टेबलं, पार्टिशन, सगळं त्या मापात बसवा. वाड्याचा भार बहुतेक लाकडी सांगाडाच पेलतो, म्हणून ‘केबिन ऐसपैस करायला हा एक खांब काढू’ म्हणणाऱ्याला देवडीतूनच निरोप द्या. आणि खांब ज्या दगडी तळखड्यावर उभा असतो, तो नव्या फरशीखाली गाडू नका. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणूनच तो दगड आहे. तो बुडाला की रोजचं पोछ्याचं पाणी थेट सागवानाला.

माडीवर कडीपाट असतो: तुळयांवर कड्या (म्हणजे आडवे लाकडी वासे), कड्यांवर पाट, वर मातीचा थर. मुळातच जड. फायलींची कपाटं खोलीच्या मधोमध नकोत. कड्या जिथे टेकतात त्या भिंतीलगत, वजन बऱ्याच कड्यांवर वाटलं जाईल अशी लावा. आमच्या जुन्या फायली तर खालीच, धान्याच्या खोलीत आहेत.

गिलाव्यात मात्र मी फसले. कंत्राटदार म्हणाला, सिमेंट मारू, आठवड्यात काम फत्ते. विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट हवी असते. सिमेंटने ती बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटून माझ्या प्रिंटरवर. मग तो सगळा खरवडून चुन्याचा केला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. सुकायला फार वेळ घेतो. ऐन जुलैत, रिटर्न भरायच्या दिवसांत काढू नका.

चौकावर, म्हणजे वाड्याच्या मधल्या उघड्या अंगणावर, पत्रा टाकायचा मोह होईल. टाकू नका. भोवतीच्या चारी सोप्यांना (ओसऱ्यांना) उजेड तिथूनच मिळतो, तापलेली हवाही तिथूनच वर जाते. एसीची बाहेरची पेटी मागल्या बोळात.

वाड्यात कचेरी हे काही आजचं खूळ नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात पुढे नगरपालिकेचा कारभार चालला, आणि टिळकांनी 1905 साली घेतलेल्या गायकवाड वाड्यात ‘केसरी’ची कचेरी आली. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे हातोडा उचलण्याआधी बघा. असेल तर परवानगी आधी.

वायरी भिंत न खोदता पट्टीतून फिरवा. राउटर कोनाड्यात मावतो, पिशव्यांना खुंट्या आहेतच. चौकटी बुटक्या असतात. आम्ही वरच्या पट्टीला घुंगरू बांधलंय, तरी महिन्याला एक अशील कपाळ चोळत बसतंच.

स्वच्छतागृह माडीवर नको, पाणी मुरलं तर कडीपाट गेलाच. जुनी न्हाणी होती तिथेच करा, उतार आधीपासून तिकडेच आहे.