रात्री दहाच्या आवाजबंदीवर गल्लीची बैठक कशी घ्यावी

सोलापुरातल्या गल्लीत बैठकीची तारीख ठरवण्याआधी आवाज मोजून घ्या. आकडे हातात नसले की पहिल्या दहा मिनिटांत ‘आमच्या वेळीच त्रास होतो का?’ इथे गाडी येते आणि तिथेच अडकते. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नवरात्र, लग्नाची वरात, भोंगा, यंत्रमाग या सगळ्यांना एकच मीटर लावा.

साधा डेसिबल मीटर पुरतो. तो जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच धरा, भिंतीला चिकटवू नका. ज्या घराची तक्रार आहे त्याच्या खिडकीबाहेर पाच-पाच मिनिटे आवाज मोजा आणि तारीख, वेळ, आवाज कुठून येतो ते लिहा. काहीच वाजत नसतानाचीही नोंद हवी, नाहीतर ‘रस्त्याचाच आवाज एवढा आहे’ याला उत्तर उरत नाही. मोबाइलचे अ‍ॅप अंदाजापुरते ठीक. बेसचा खोल दणका फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही, म्हणून काचा थरथरतात तरी आकडा मवाळ दिसतो. मीटरवर ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन मापन-पद्धती असतात; ‘ए’ बेस कमी धरते, ‘सी’ तो जवळपास पूर्ण धरते. कायदा ‘ए’ धरतो, पण दोन्ही नोंदवा. ‘सी’ पंधरा-वीसने जास्त आला तर त्रास बेसचा आहे, आणि चर्चा बेसबॉक्सवरच न्यायला हवी.

नियम सर्वांसमोर वाचून दाखवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर सरकारने तसे जाहीर केले असतील तर शांतता क्षेत्र ठरतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या गल्ल्यांनी हे अंतर नकाशावर आखूनच घ्यावे. लाऊडस्पीकरला दिवसाही लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागात सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज दिवसा ६५ च्या वर जाता कामा नये. रात्री उघड्यावर वाद्येही बंद, त्यामुळे ‘डीजे नाही, ढोल-ताशा आहे’ ही पळवाट चालत नाही. रात्री १२ पर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकारी आदेशाने ठरतात. मंडळाला स्वतःचे दिवस निवडता येत नाहीत. गल्लीने एकमताने ठराव केला तरी दहाची वेळ पुढे सरकत नाही. बैठकीत ठरवायचे ते दहाच्या आतले, हे सुरुवातीलाच सांगा.

जागा महापालिकेच्या शाळेतली किंवा समाजमंदिरातली घ्या. मंडळाच्या मंडपात तक्रारदार बोलत नाहीत. मंडळाचे अध्यक्ष, साउंडवाला, आजारी माणूस असलेली घरे, दहावी-बारावीची मुले, बीटचे पोलीस यांना बोलवा. पूर्व भागात मागवाले (यंत्रमागांचे मालक) आणि कामगार दोघेही हवेत, म्हणून पाळी केव्हा सुटते ते कारखान्यात विचारूनच वेळ धरा. कोणी तक्रार केली हे बैठकीत विचारू द्यायचे नाही. ते नाव बाहेर आले की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

साउंडवाल्याला आधी बोलू द्या, कारण खरा हिशेब त्याच्याकडे असतो. आठ बॉक्सचे चार केले की आवाज फार तर ३ ते ६ डेसिबल उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात. त्यामुळे ‘निम्मे बॉक्स काढतो’ ही कबुली मोठी वाटते, पण खिडकीत तिचा फरक जेमतेम जाणवतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. अरुंद बोळात समोरासमोरच्या भिंती आवाज परत फेकतात, तिथे तेवढे उतरत नाहीत. म्हणून ठराव बॉक्सच्या संख्येवर करू नका, ठरलेल्या खिडकीतल्या आकड्यावर करा. बॉक्सची तोंडे घरांकडून वळवणे, बेस कापणे आणि मिरवणूक एका जागी थांबवून न ठेवणे यांनी जास्त फरक पडतो. सोलापूरच्या लेझीमला मुळात भिंतीएवढे बॉक्स लागत नाहीत, आणि पोरांना लेझीम खेळायला मोकळा रस्ताही मिळतो.

मागाचा प्रश्न वेगळा काढा, तो रोजचा आहे. गल्लीकडच्या खिडक्या रात्री बंद ठेवणे, पत्र्याच्या जागी विटांची भिंत घालणे, मागाखाली रबरी पॅड बसवणे आणि धोट्याचा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा) ठोका झेलणारे झिजलेले भाग बदलणे या क्रमाने बोला. सामाईक भिंतीतून येणारी थरथर खिडक्या लावून थांबत नाही, तिथे पॅडच लागतात.

ठराव एका पानात लिहा: पावणेदहाला शेवटचे गाणे, मोजायची खिडकी, कमाल आकडा, आणि प्रत्येक मंडळाचा फोन उचलणारा एक माणूस. आधी त्याला फोन, दहा मिनिटांत फरक नाही तर ११२. तिथे ठिकाण, खूण, वेळ आणि काय वाजते आहे एवढे नेमके सांगा आणि नाव गुप्त ठेवायला सांगा.

सण संपल्यावर आठवड्याभरात त्याच खिडक्यांतले आकडे घेऊन पुन्हा बसा. पुढच्या वर्षाची सुपारी (साउंडचे बुकिंग) ठरण्याआधी कमाल आकडा आणि बंद करायची वेळ साउंडवाल्याच्या पावतीवर लिहून घ्या. ऐन मिरवणुकीत त्याच्याशी नव्याने बोलणी होत नाहीत.