जुन्या साडीला कात्री लावताय? आधी या चुका टाळा

जुन्या साडीचा कुर्ता बिघडतो तो बहुतेक वेळा शिवताना नाही, कापताना. खरं तर त्याही आधी, साडी पलंगावर पसरून "इथून पुढचा भाग, इथून पाठ, उरलं त्यात बाह्या" असं मनात ठरवताना. दुकानातून आणलेलं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं असतं. वर्षानुवर्षं नेसलेली साडी तशी नसते. तिच्यात मजबूत जागा असतात, विरलेल्या असतात, उडालेल्या रंगाच्या असतात. नव्या ताग्याच्या हिशोबाने ती कापली की पहिल्या महिन्यातच कुर्ता पाठीवर फाटतो आणि दोष शिलाईला दिला जातो.

साडी न वाचताच कापणं

सगळ्यांत मोठी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. नेसताना जे टोक कमरेत खोचलं जातं, तिथलं कापड सहसा सगळ्यांत ताजं असतं. त्याला ऊन लागलेलं नसतं आणि घासही बसलेला नसतो. निऱ्यांचा भाग वरून चांगला असतो, पण खालची कड टाचेला आणि जमिनीला घासून झिजलेली असते. बसताना ज्या भागावर भार येतो तिथली वीण विरळ होते. पदराच्या खांद्यावरच्या भागात पिनांची भोकं असतात आणि पीन लोखंडी असेल तर गंजाचे ठिपकेही. सुती नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड मिळतं, पण काष्ट्याचा पट्टा जवळजवळ नेहमीच विरलेला निघतो.

हे डोळ्यांनी सपाट पसरून दिसत नाही. साडी खिडकीसमोर उजेडात धरा आणि हात-हातभर पुढे सरकवा. जिथून उजेड जास्त येतो तिथे खडूने गोल करा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आधी आडवं, मग उभं हलकेच ताणा. धड कापड ताणून सोडलं की मूळच्या जागी येतं. कुजलेलं रेशीम मात्र 'चर्र' असा बारीक आवाज करतं आणि धागे बाजूला सरकतात. रेशमी साडी कपाटात त्याच त्या घडीवर ठेवलेली असेल तर घडीच्या रेषा हमखास तपासा. रेशीम तिथेच तुटतं, आणि तिथे जरीकाम असेल तर आणखी लवकर. अशा रेषेवर कुर्त्याची छाती किंवा मुंढा (बाही जोडतात तो भाग) येऊ देऊ नका. ती रेषा कापताना वगळा, नाहीतर शिलाईच्या मायेत, म्हणजे टिपेपलीकडे आत राहणाऱ्या जास्तीच्या कापडात, जाऊ द्या.

साधा सरळ, बाह्यांचा कुर्ता अडीच मीटरभर धड कापडात होतो. म्हणजे साडीतला अर्ध्याहून जास्त भाग वगळायची मुभा तुमच्याकडे असते. ती वापरा. "सगळी साडी वापरायचीच" या हट्टापायी विरलेला भाग नेमका बसायच्या जागी येतो.

फॉल आधी काढा, पण ओढून नाही. प्रत्येक तिसरा-चौथा टाका ब्लेडने कापा आणि दोरा उलट बाजूने उपसा. फॉल साधारण अडीच मीटरच असतो, म्हणजे साडीच्या निम्म्याच काठाला त्याचं संरक्षण मिळालेलं असतं. पुढचा घेर फॉल असलेल्या भागातून आणि मागचा नसलेल्या भागातून घेतला की काठाच्या दोन छटा दिसतात. दोन्ही भाग एकाच बाजूने घ्या.

कापड कोणतं, हे गृहीत धरणं

"आईची सिल्कची साडी" म्हणून आलेली साडी पुष्कळदा पॉलिस्टर निघते, आणि हे कळतं ते इस्त्रीला चिकटल्यावर. कडेचे चार धागे उपसा, चिमट्यात धरा, बशीवर नेऊन जाळा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, काळी गुठळी होते पण बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा. मिश्र कापडात दोन्ही एक नसतात. इरकलमध्ये तर अंग सुती आणि काठ-पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असं सर्रास असतं, आणि एकाच गरम इस्त्रीने दोन्ही दाबता येत नाहीत.

जरीचंही तेच. जुनी खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार, सोन्याचा मुलामा दिलेली. म्हणून तर जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे दारावर यायचे. आजची बरीचशी जर प्लॅस्टिकची, ती इस्त्रीखाली आक्रसते. कोपऱ्यावर सुती फडकं टाकून, उलट्या बाजूने, कमी उष्णतेवर आधी पाहा.

काठाचा आणि घेराचा हिशोब चुकणं

काठ खाली यावा म्हणून आपण साडीचा पन्हा कुर्त्याच्या उंचीत घेतो. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. वरची माया गेली की गुडघ्याखालपर्यंतचा कुर्ता सहज होतो. इथवर ठीक. गडबड होते ती ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा कुर्ता कापताना. काठ सरळ आहे, पण बाजूची शिलाई तिरकी, म्हणजे मधल्या उंचीपेक्षा लांब. अंगावर घातला की दोन्ही बाजूंना टोकं खाली लोंबतात. मग खाली गोलाई देऊन कापायला जावं तर काठच कापला जातो.

यावर दोन वाटा. एक म्हणजे खालचा घेर सरळ आयताचा ठेवायचा आणि रुंदी कमरेला चुण्या घालून बसवायची. आयताचा काठ कधी वरखाली होत नाही. दुसरी म्हणजे काठ वेगळा कापून घ्यायचा, कुर्त्याला खाली हवी तशी गोलाई द्यायची आणि काठाच्या वरच्या कडेला अगदी बारीक, नखाएवढ्या चुण्या घेत तो गोलाईवर बसवायचा. मला पहिली वाट आवडते. काठ अखंड राहतो आणि पुढेमागे उसवून कापड परत मिळतं.

पानाफुलांची किंवा मोरांची नक्षी असेल तर तिची दिशा कापण्याआधी बघा. पुढून मोर उभा आणि पाठीवर उलटा, हे शिवून झाल्यावर दुरुस्त होत नाही.

मुलीचा परकर शिवताना कंबरेकडचं जास्तीचं कापड कापून टाकू नका. ते आतल्या बाजूने दुमडून साध्या टिपेने बसवा. मुलगी वाढली की टीप उसवायची, परकर दोन बोटं खाली येतो. पूर्वी घरोघरी असंच करत, आणि कापलेलं कापड पुन्हा जोडलं की जोड दिसतोच.

पैठणी

हातमागाची धड पैठणी कापू नये, हे माझं ठाम मत. विणकराने महिनोन्‌महिने बसून केलेलं काम ड्रेसच्या एका हौसेसाठी तुकडे करण्याजोगं नाही. घडीवर चिरली असेल तर आधी रफू करून घ्या, उलट घडी घाला आणि वापरत राहा. अंग पूर्ण गेलं असेल आणि पदर शाबूत असेल तरच कात्री.

पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) ही नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवत नक्षी विणलेली असते. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची नक्कल. दोन्हींची काळजी वेगळी घ्यावी लागते. हातमागाच्या पदराला कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी बारीक टीप मारा, मग मधून कापा. नाहीतर गुळगुळीत रेशीम कात्री लागताच सुटत जातं. नकलेला आतून अस्तर हवंच, नाहीतर सुटे धागे अंगठीत आणि बांगडीत अडकून नक्षी उपसते. जरीची कापलेली कड गळ्याला टोचते, तिला मऊ सुती क्रॉस (तिरकी कापलेली) पट्टी लावा.

नवं अस्तर न भिजवता लावणं

साडी कितीतरी धुण्यांतून गेलेली, जेवढी आटायची तेवढी आटलेली. अस्तर मात्र कोरं. पहिल्या धुण्यात सुती अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं. मग कितीही इस्त्री करा, ते सपाट होत नाही. अस्तर रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. गडद अस्तर असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर घासून रंग जातो का तेही बघा.

जुन्या रेशमासाठी अस्तर म्हणजे आधार. ते वरच्या कापडापेक्षा एकूण घेरात अर्धा इंच कमी ठेवा, म्हणजे हात पुढे केल्यावर ताण अस्तरावर येतो. पाठीचा आणि मुंढ्याचा भाग फारच नाजूक असेल तर आतून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवा. आधी तुकड्यावर करून पाहा, कारण त्यालाही उष्णता लागते. आणि अंगाबरोबर घट्ट फिटिंग जुन्या रेशमाला मुळीच देऊ नका. दोन इंच सैल शिवा.

सुई, दोरा, टाका

पक्का पॉलिस्टर दोरा आणि बारीक टाका म्हणजे मजबूत शिलाई, हा समज जुन्या कापडाच्या बाबतीत उलटा पडतो. जवळजवळ पडलेल्या भोकांमुळे कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. टाका अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा. दोरा सुती घ्या. ताण आला तर दोरा तुटावा, कापड नाही. उसवलेली शिलाई पुन्हा मारता येते. रेशीम आणि मलमलीला ११ नंबरची नवी सुई लावा. काल जीन्स शिवलेली १६ नंबरची सुई तशीच ठेवून साडीवर चालवली की धागे उपसले जातात आणि ती रेघ कायमची राहते. जरीवर शिवल्यावर सुई बोथट होते, तेव्हा पुढच्या कामाआधी बदला.

तान्ह्या बाळाचं झबलं, दुपटं

आजीच्या सुती लुगड्यासारखं मऊ कापड बाळाला दुसरं नाही. पण ते ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेलं असेल तर घाई करू नका. या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असतं. त्याच्या वाफेने तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांना धोका जास्त. वास कणभरही येत असेल तर ते कापड बाळासाठी घेऊ नका, मोठ्यांच्या गोधडीत घाला. चांगल्या कापडाचं झबलं शिवताना काठ-जर काढून टाका, बटणांऐवजी बंद लावा आणि शिलाईची जाड बाजू बाहेर ठेवा, अंगाला लागू देऊ नका.

शिवून झालं, पण नीट बसत नाही

शिलाई गोळा होत असेल तर आधी सुई बदला, मग वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. तरीही होत असेल तर कापडाखाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून टीप मारा आणि कागद नंतर हलकेच फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. टीप सुरू करताना मऊ कापड खालच्या भोकात ओढलं जात असेल तर एका चिंधीवर सुरुवात करा आणि तिथूनच कुर्त्यावर या.

गळा ताणून पसरला असेल तर तो कापल्यावर लगेच कडेने टीप मारायची राहिली आहे. आता धावदोरा घालून, दोरा किंचित ओढून गळा मूळ मापावर आणा, वाफ द्या, मग पट्टी लावा.

शिलाईच्या बाजूला धागे सरकून जाळी दिसू लागली तर तिथे रफू फार टिकत नाही. शिलाई उसवा, आतून फ्यूजिंगची बोटभर पट्टी लावा आणि नवी टीप जुनीपेक्षा बाहेर, म्हणजे सैल बाजूला मारा. रेशमावर जुन्या टिपेची भोकं मात्र दिसतील. मायाच उरली नसेल तर काखेत काठाचा उभा तुकडा घालून सैल करा. काठाचाच असल्याने तो मुद्दाम घातल्यासारखा दिसतो.

हळदीचा डाग धुतल्यावर लाल झाला तर घाबरू नका, साबणाने हळद लाल होतेच. भरपूर पाण्यात खळबळा आणि सुती कापड असेल तर ओलंच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडतो. रेशीम उन्हात टाकू नका, त्याचा स्वतःचा रंगही डागाबरोबर जाईल. तिथे डागावर एखादी बुट्टी किंवा काठाचा तुकडा टाचणं बरं, आणि त्यासाठी कापताना उरलेले काठाचे वीतभर तुकडेसुद्धा कुर्त्याच्या आतल्या बाजूला टाचून ठेवा, म्हणजे गरजेला त्याच रंगाचं, तितकंच धुतलेलं कापड हाताशी मिळतं.