वर्गात हात वर करायची भीती वाटते? तयारी आदल्या रात्री करा

बाई विचारतात, "कुणाला काही शंका?" सगळा वर्ग गप्प. घरी येऊन स्वाध्याय सोडवायला बसलं की मात्र पहिल्याच प्रश्नाला पेन अडतं. "वर्गात लक्ष देत जा" असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं? माझ्या मते सुरुवात वर्गात होतच नाही, ती घरी दप्तर भरताना होते.

आदल्या रात्री : एक धडा, एक प्रश्न

वेळापत्रक बघून दप्तर भरताना उद्याच्या एकाच विषयाचं पुस्तक बाजूला ठेवा. दहा मिनिटं पुरतात. धडा वाचून काढायचा नाही, फक्त आकृत्या आणि ठळक शब्द बघायचे. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी असतात. बरीच मुलं त्या सोडून देतात, आणि चांगले प्रश्न नेमके तिथेच सापडतात.

समजा, उद्या प्रकाशाचं अपवर्तन आहे. पाणी ओतल्यावर वाटीतलं नाणं वर आल्यासारखं का दिसतं, हे सर शिकवतीलच. तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा हवा: पाण्याऐवजी गोडेतेल ओतलं तर? तो रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आता उद्याच्या तासाला तुम्ही कशाची तरी वाट बघत बसणार आहात, आणि लक्ष देणं म्हणजे हेच.

तासाला : अडलेली जागा पकडा

फळ्यावरचं उतरवण्यातच अर्धा तास जातो, तेव्हा वहीच्या उजव्या कडेला चार बोटं जागा मोकळी ठेवा. जिथे अडलं तिथे प्रश्नचिन्ह आणि दोन शब्द, एवढंच लिहून पुढे चला.

विचारताना "सर, कळलं नाही" असं म्हणू नका. त्यावर सर सगळं पहिल्यापासून सांगतात, आणि नेमकं अडलेलं पुन्हा निसटतं. त्याऐवजी असं म्हणा: "सर, तिसऱ्या पायरीपर्यंत कळलं. चौथ्या पायरीत वजाचं चिन्ह कुठून आलं?" असा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला आवडतो, कारण तुम्ही ऐकत होतात हे त्यातूनच कळतं.

उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा मनात जुळवाजुळव होईपर्यंत दुसराच कुणीतरी बोलून मोकळा होतो. यात दोष तुमचा नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेला दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. म्हणून उत्तर पूर्ण जुळायच्या आधीच हात वर करा. नाव घेईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.

साठ मुलांच्या वर्गात मध्येच थांबवलेलं काही शिक्षकांना चालत नाही. तिथे मधल्या सुट्टीत वही घेऊन शिक्षक खोलीच्या दाराशी जा. तेही विचारणंच आहे.

आवाज मोकळा करायचा असेल तर परिपाठ

मला चारचौघांत बोलायला शिकवलं ते परिपाठाने. दिनविशेष किंवा बातम्या कागदावरून वाचायच्या असतात, पाठांतराची धास्ती नसते. वर्गशिक्षकांना सांगून महिन्यातून एकदा तरी नाव लावून घ्या. पहिल्यांदा पाय कापतील. तिसऱ्या खेपेला बऱ्यापैकी सुधारणा होते.

संध्याकाळी : पुस्तक मिटून पाच मिनिटं

आज शिकलेलं न बघता लिहून काढा, मग पुस्तक उघडून ताडून बघा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. लगेच घेतलेल्या चाचणीत धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

आठवडाभरात उत्तर न मिळालेले प्रश्न शनिवारी, शाळा सुटल्यावर मित्रमैत्रिणींसोबत बसून काढा. गोडेतेलाचा प्रयोग तर घरीच होईल: एक वाटी, एक नाणं आणि आईची परवानगी.